वास दाबायचा की टाकी सांभाळायची?

भाद्रपदात कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर घर सर्वांत जास्त भरलेले असते आणि नेमकी तेव्हाच संडासाच्या टाकीची सर्वांत कठीण परीक्षा होते. घर कित्येक महिने बंद असल्याने न्हाणीतल्या ट्रॅपमधले पाणी वाळून गेलेले असते. पावसाने जमिनीतले पाणी वर आलेले असते, त्यामुळे शोषखड्ड्याला आणखी पाणी जिरवता येत नाही. अशात चार-पाच माणसांच्या बेताने बांधलेल्या टाकीवर पंधरा-वीस चाकरमान्यांचा भार येऊन पडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुर्गंधी माजघरापर्यंत पोहोचते आणि घरातला प्रत्येक जण आपापला उपाय सुचवू लागतो. एक जण फिनेलची बाटली ओततो, दुसरा टाकीच्या झाकणाच्या फटीत सिमेंट भरतो, तिसरा तालुक्याच्या दुकानातून जिवाणूंची पावडर घेऊन येतो.

या धावपळीला हसण्यात अर्थ नाही. घरात पाहुणे असताना वास आजच्या आज जावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण यातले बहुतेक उपाय वास कुठून येतो हे न पाहताच केले जातात. काही उपाय वास फक्त दोन दिवस पुढे ढकलतात, काही तो शेजाऱ्याकडे पाठवतात आणि काही टाकीचेच नुकसान करतात. राज्यातल्या लहान शहरांत, महानगरांच्या वेशीवरच्या नव्या वसाहतींत आणि जवळजवळ सगळ्या खेड्यांत भुयारी गटार पोहोचलेले नाही. तिथल्या घरांचा मैला अंगणातल्या किंवा जिन्याखालच्या टाकीतच जातो. म्हणून हा प्रश्न एखाद्या प्लंबरवर सोपवून मोकळे होता येत नाही. घराने काय करायचे, शेजाऱ्याचा हक्क कुठवर आणि नगरपालिकेचे काम कुठून सुरू होते, हे एकदा नीट तोलून पाहायला हवे.

आधी टाकीचे काम समजून घेऊ. टाकीत आलेला जड मैला तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर साय धरतो आणि मधले निवळलेले पाणी पुढे शोषखड्ड्याकडे जाते. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूंत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण मोठे असते आणि या दोघांना वास नसतो. नाकाला झोंबतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यासारखा. म्हणजे उत्तम चालणाऱ्या टाकीतही दुर्गंधी तयार होतेच. ज्या टाकीतल्या जिवाणूंचा तोल बिघडला आहे, तिथे आम्ले साचतात, कुजण्याचे काम अर्धवट राहते आणि वास वाढतो. तेव्हा दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. वायू बाहेर पडायला योग्य वाट आहे का? आणि टाकीचे आतले काम नीट चालले आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वास कुठे येतो यावरूनच बरेचसे मिळते. घराच्या आत, न्हाणीच्या जाळीपाशी वास असेल तर ट्रॅप कोरडा पडला आहे किंवा बसवलेलाच नाही. संडासात पाणी ओतल्यावर भांड्यातून गुडगुड आवाज येत असेल तर पाइपातली हवा बाहेर जायला जागा नाही आणि ती ट्रॅपमधले पाणी ओढून नेते आहे. टाकीच्या आसपास वास असेल तर झाकण किंवा चेंबर फुटले आहे. वरच्या मजल्याच्या खिडकीत वास येत असेल तर हवेचा पाइप बुटका आहे. आणि सगळ्या आळीतच वास असेल तर बहुधा टाकीचे पाणी शोषखड्ड्यात न जाता सरळ उघड्या गटारात सोडले आहे. हे एवढे पाहायला विशेष ज्ञान लागत नाही, तरी आपल्याकडे उपाय आधी आणि तपासणी नंतर असाच क्रम दिसतो.

ट्रॅपची बाब सर्वांत स्वस्त असल्याने आधीच मिटवून टाकू. संडासाच्या भांड्याखालच्या आणि न्हाणीच्या वाकड्या पाइपात थांबलेले दोन बोटे पाणी हाच घर आणि टाकी यांच्यातला दरवाजा आहे. घर बंद करून जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन-चार चमचे खाद्यतेल सोडले तर पाणी हळू वाळते. परत आल्यावर पहिल्यांदा प्रत्येक न्हाणीत बादलीभर पाणी ओतावे. घरात येणाऱ्या वासाच्या कितीतरी तक्रारी एवढ्यानेच संपतात आणि यावर वाद घालायलाही जागा नाही.

वाद सुरू होतो तो हवेच्या पाइपापासून. अनेकांना वाटते की टाकी जितकी घट्ट बंद तितका वास कमी. झाकणाच्या फटी बुजवायला हव्यात हे बरोबरच. पण तयार होणारा वायू कुठेतरी जाणारच. पाइप नसलेली टाकी घट्ट बंद केली की वायू घराच्या दिशेने ट्रॅपमधून वर येतो. शिवाय साचलेला हायड्रोजन सल्फाइड ओलसर स्लॅबच्या खालच्या बाजूला गंधकाम्लात बदलतो आणि काँक्रीट व सळया खातो. वरून भक्कम दिसणारा स्लॅब पायाखाली खचण्यामागे हेही एक कारण असते. सेप्टिक टाकीसाठीचे भारतीय मानक, आयएस 2470, यात किमान 50 मिलिमीटर व्यासाचा हवेचा पाइप सांगितला आहे. टाकी जवळच्या इमारतीपासून 15 मीटर किंवा त्याहून दूर असेल तर पाइप सुमारे 2 मीटर उंच पुरतो. टाकी त्याहून जवळ असेल तर पाइप इमारतीच्या माथ्याच्या वर 2 मीटर जायला हवा.

आता आपल्या वसाहती पाहा. दोन गुंठ्यांच्या भूखंडावर 15 मीटर अंतर कुठून येणार? त्यामुळे नियमाचा दुसरा भागच बहुतेकांना लागू होतो आणि तोच बहुतेकांनी पाळलेला नसतो. खिडकीच्या उंचीवर संपणारा पाइप हे आपल्या गल्ल्यांतले नेहमीचे दृश्य आहे. घरमालकाची बाजूही आहे. उंच पाइप वाऱ्याने हलतो, भिंतीला क्लॅम्प मारावे लागतात, घराची शोभा जाते आणि शेजाऱ्याने नंतर मजला चढवला तर आपला उंच पाइप पुन्हा बुटका ठरतो. यातल्या शेवटच्या मुद्द्यात वजन आहे. मजला चढवणाऱ्यानेच शेजारच्या पाइपाच्या वाढीव उंचीचा खर्च उचलावा, असा समजूतदारपणा भावकीत आणि सोसायटीत निघाला तर तंटे टळतील. शोभेचा मुद्दा मात्र टिकत नाही. आपल्या भिंतीची शोभा राखण्यासाठी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वास सोडण्याचा हक्क कुणालाच नाही.

पाइपाच्या तोंडाच्या जाळीबद्दलही असाच ताण आहे. सेप्टिक टाकीत क्युलेक्स डास भरपूर वाढतात, म्हणून आरोग्य कर्मचारी पाइपाला जाळी बांधायला सांगतात आणि ते योग्यच आहे. पण घाईने बांधलेले जाड फडके पावसात भिजते, त्यावर धूळ आणि कोळिष्टके साचतात आणि पाइप जवळजवळ बंद होतो. डास अडले, पण वास पुन्हा घरात आला. बारीक छिद्रांची, न गंजणारी जाळी बसवून ती दरवर्षी पावसाळ्याआधी झाडून घेतली तर दोन्ही गोष्टी साधतात. कौले चाळण्याच्या जोडीने हे कामही यादीत हवे.

दुसरा प्रश्न टाकीच्या आतल्या तब्येतीचा. इथे स्वच्छतेची आपली कल्पना आणि टाकीची गरज यांचा सामना होतो. संडास चकचकीत हवा, फिनेलचा वास आला की स्वच्छ वाटते. त्यातच अ‍ॅसिडने फरशी घासण्याची सवय. ही सगळी रसायने टाकीत उतरतात आणि ज्यांच्या भरवशावर मैला कुजायचा त्या जिवाणूंवरच घाव घालतात. म्हणून काही जण संडासात काहीच वापरू नका असे सांगतात. तो सल्ला अतिरेकी आहे. घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल तर जंतुनाशक लागतेच, आणि संडास घासण्याचे काम बहुधा घरातल्या बाईच्याच वाट्याला येत असल्याने तिला नुसता उपदेश करणे अन्यायाचे आहे. थोड्या साबणाने, ब्रशने आणि भरपूर पाण्याने रोज घासायचे, जंतुनाशक मोजून वापरायचे आणि वास मारण्यासाठी बाटली उपडी करायची नाही, हा मध्यम मार्ग पुरेसा आहे. फिनेलने वास जात नाही, त्यावर दुसरा वास चढतो. टाकी आतून आजारी पडली की पहिला वास आणखी जोराने परत येतो.

जिवाणूंच्या पावडरीची बाजू जरा नाजूक आहे, कारण तिची कल्पना चूक नाही. नवी टाकी सुरू करताना आयएस 2470 सुद्धा आधी ती पाण्याने भरायला आणि त्यात दुसऱ्या टाकीतला कुजलेला गाळ थोडा टाकायला सांगते. तो न मिळाल्यास कुजलेले शेणही चालते असे त्यात म्हटले आहे. म्हणजे शेणकाला टाकण्याचा आपल्या गवंड्यांचा रिवाज अडाणीपणाचा नाही. पण तो आरंभाचा उपाय आहे, विरजणाच्या चमच्यासारखा. चालू टाकीत दर दिवशी येणाऱ्या मैल्याबरोबर कोट्यवधी जिवाणू आपोआप येतात. त्यांना बाहेरच्या पाकिटाची गरज नसते. निरोगी टाकीचे काम अशा जैविक पुड्यांनी सुधारत असल्याचे दिसत नाही, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही सांगते. टाकी कधीच उपसावी लागणार नाही हे जाहिरातीतले आश्वासन तर मुळीच पटणारे नाही. मैल्यातला न कुजणारा भाग, माती, केस, सॅनिटरी पॅड आणि प्लॅस्टिक कोणताही जिवाणू खाणार नाही. घरात प्रतिजैविकांचा मोठा कोर्स झाल्यावर किंवा चुकून अ‍ॅसिड पडल्यावर कुणी पावडर टाकली तर नुकसान नाही. तेवढ्यापुरती ती ठीक आहे. उपशाची जागा तिला देणे मात्र परवडणारे नाही.

अंघोळीचे आणि धुण्याचे पाणी टाकीत सोडावे का, यावरही दोन मते आहेत. मैल्याला खाली बसायला वेळ लागतो, पाणी टाकीत किमान एक दिवस तरी थांबायला हवे. लहान टाकीत धुण्याच्या यंत्राचे पाणी एकदम आले की न निवळलेला मैला ढवळून शोषखड्ड्यात जातो, खड्डा भरतो आणि वास सुटतो. जुन्या घरांत न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला, अळवाला आणि माडाला जायचे. ती सोय अजूनही चांगली आहे, पण परस असलेल्यांनाच. चाळीवजा दाटीत तेच पाणी बाहेर सोडले तर गल्लीत डबके आणि डबक्यात डास होतात. म्हणून जागा असेल तिथे न्हाणीच्या पाण्याचा वेगळा शोषखड्डा करावा आणि नसेल तिथे टाकीच मोठी बांधावी. बांधतानाच दोन पैसे जास्त घालणे पुढच्या दुर्गंधीपेक्षा स्वस्त पडते.

पण सगळ्या उपायांत आपण सर्वांत जास्त टाळतो तो टाकीचा उपसा. घरगुती टाकी दोन-तीन वर्षांतून एकदा उपसावी, अशी केंद्राच्या नगरविकास खात्याची शिफारस आहे. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाच्या आसपास पोहोचले की वेळ झाली असे समजायला हरकत नाही. उपसताना तळाशी इंचभर गाळ ठेवावा म्हणजे पुढचे जिवाणू तयार राहतात. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडे टाकी भरून वाहू लागल्याशिवाय गाडी बोलावली जात नाही. दहा-दहा वर्षे न उघडलेली टाकी हा काहींच्या अभिमानाचा विषय असतो. अशी टाकी एकतर खालून जमिनीत गळत असते, नाहीतर गाळाने भरल्यामुळे, आत आलेला मैला तसाच पुढे ढकलत असते. कोकणात प्लास्टर न केलेल्या जांभ्या दगडाच्या टाक्यांतून हे सहज घडते. ती गळती जवळच्या विहिरीत उतरली तरी नाकाला कळत नाही. म्हणून वास नाही म्हणजे सगळे ठीक, हा निकष पुरेसा नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर दूर हवा, हा मानकातला नियम त्यासाठीच आहे.

उपशाची जबाबदारी घरमालकाच्या मर्जीवर ठेवायची की नगरपालिकेने वेळापत्रक लावायचे, हा यातला खरा धोरणाचा प्रश्न. केंद्र सरकारने 2017 साली मैला गाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण आणले. साताऱ्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने त्यानंतर मागणीची वाट न पाहता प्रभागवार, तीन वर्षांच्या चक्राने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली आणि उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात नेण्याची सोय केली. दरवेळी घरमालकाकडून वेगळी रक्कम मागण्याऐवजी खर्च करातून भागवायचा, असा त्यामागचा विचार आहे.

या पद्धतीवरचे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. एकटी राहणारी आजी आणि दहा माणसांचे एकत्र कुटुंब यांना एकच चक्र का? माझी टाकी भरली नसताना मी कर का द्यावा? जुन्या पेठेत जिथे स्कूटर कशीबशी जाते तिथे सक्शन गाडी कशी पोहोचणार? कित्येक टाक्या तर फरशीखाली, स्वयंपाकघराखाली गेलेल्या आहेत. त्या उघडायला घर फोडावे लागेल. शिवाय नगरपालिकांचा अनुभव पाहता कर वेळेवर आणि गाडी उशिरा, ही भीतीही अनाठायी म्हणता येत नाही.

तरीही तराजू वेळापत्रकाकडेच झुकतो. मागणीनुसार उपशात गाडीवाला प्रत्येक फेरीचे काही हजार रुपये घेतो आणि त्याच्यावर कुणाचे लक्ष नसेल तर इंधन वाचवायला जवळच्या ओढ्यात किंवा पडीक शेतात मैला ओततो. एका घराचा वास गेला, पण गावाच्या नदीत तोच मैला शिरला. वेळापत्रकात गाडीचा मार्ग आणि मैल्याची शेवटची जागा ठरलेली असते. आजीच्या टाकीला चक्र लांबवण्याची सवलत देणे, अरुंद गल्ल्यांसाठी लांब नळीची लहान गाडी ठेवणे आणि नव्या बांधकाम परवानगीत टाकीचे झाकण उघड्यावर असण्याची अट घालणे, हे सगळे नगरपालिकेला जमण्यासारखे आहे. आक्षेपांचे उत्तर पद्धत सुधारण्यात आहे, सोडून देण्यात नाही. अट एकच: प्रक्रिया केंद्र आधी, कर नंतर. मैला नेण्याची जागाच नसलेल्या गावाने वेळापत्रक जाहीर केले तर ते फक्त घाण हलवण्याचे वेळापत्रक होईल.

या चर्चेत एका बाबतीत मात्र दोन बाजू नाहीत. टाकीत माणूस उतरवायचा नाही. संरक्षक साधनांशिवाय टाकी किंवा गटार साफ करायला माणसाला उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. यामागचे विज्ञान वासाशीच जोडलेले आहे. हायड्रोजन सल्फाइडचा वास अगदी कमी प्रमाणातही येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेले की नाकाची संवेदनाच बधिर होते. झाकण काढल्यावर थोड्या वेळाने वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे समजून उतरलेला माणूस वर येत नाही आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही येत नाही. उघड्या झाकणाशी काडी ओढणे किंवा विडी पेटवणे हेही मिथेनमुळे तितकेच घातक. स्वस्तात उरकण्यासाठी गरजू माणसाला हजार रुपयांवर आत उतरवणाऱ्याने, उद्या भरपाई आणि गुन्हा कुणाच्या नावावर पडेल याचाही हिशेब करावा.

खेड्यांचा विचार वेगळा करावा लागेल. तिथे गाडी आणि प्रक्रिया केंद्र लगेच येणार नाही. अशा ठिकाणी सेप्टिक टाकीच्या मोहापेक्षा दोन खड्ड्यांचा संडास बरा. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि भरलेला दीड-दोन वर्षे झाकून ठेवायचा. मग तो मैला वास नसलेले खत होऊन निघतो. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करण्याचा आणि सफाईच्या कामातून माणसाची सुटका करण्याचा विचार मांडला, त्याला आता कित्येक दशके झाली. तरी गावात सुबत्ता आली की लोक मोठी टाकी बांधतात, कारण ती प्रतिष्ठेची वाटते. दोन खड्ड्यांनाही मर्यादा आहेत. पाणी जिरू न देणाऱ्या काळ्या मातीत किंवा पावसाळ्यात हातभर खोलीवर पाणी लागणाऱ्या खलाटीत ते चालत नाहीत. तिथे पक्क्या, न गळणाऱ्या टाकीला पर्याय नाही आणि अशा गावांसाठी चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एक सक्शन गाडी ठेवणे जिल्हा परिषदेने मनावर घ्यायला हवे.

वास हा आधी घराचाच प्रश्न आहे, तेव्हा पहिले पाऊल घरानेच उचलावे. ट्रॅप ओला ठेवावा, झाकण बंद करून पाइप छपराच्या वर न्यावा, संडासात मैला, पाणी, थोडा साबण आणि लागलेच तर मोजके जंतुनाशक यांखेरीज काही टाकू नये आणि टाकी कधी उपसली याची तारीख घरपट्टीच्या पावतीशेजारी लिहून ठेवावी. एवढे केल्यावर उरणारा वास बहुधा आपल्या टाकीचा नसतो. तो उघड्या गटाराचा आणि ओढ्यात ओतलेल्या मैल्याचा असतो आणि तिथे फिनेलची बाटली घेऊन एकटे घर काही करू शकत नाही. पुढच्या नगरपालिका निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला रस्ता आणि दिवे यांच्या जोडीने एक प्रश्न जरूर विचारावा: आमच्या टाकीतला मैला उपसून तुम्ही नेमका कुठे नेणार? उत्तरात जागेचे नाव नसेल तर त्या कराला विरोध करायला नागरिक मोकळे आहेत. आणि जागेचे नाव असेल तर तो कर भरायला त्यांनी कुरकुर करू नये.